आप्पांच्या खोलीतला समुद्र

समुद्रात मूळचाच एक दोष आहे: तो घरात मावत नाही. हा दोष दूर करण्यासाठी जगभर शहाणीसुरती माणसं झटत असतात, आणि आमचे साडू त्यांपैकी एक. ते एका मोठ्या कचेरीत विभागप्रमुख आहेत. त्यांच्या हाताखाली माणसं टिकत नाहीत (ती मनाने कमकुवत असतात, असं साडूंचं निरीक्षण आहे), तेव्हा त्यांनी मासे पाळायचं ठरवलं हे योग्यच झालं. मासा राजीनामा देत नाही.

मासे पाळणं म्हणजे काचेचं भांडं, नळाचं पाणी आणि रंगीत खडे, असा तुमचा आमचा समज. साडूंनी तो पहिल्याच दिवशी खोडून काढला. गोड्या पाण्यातले मासे काय, कोणीही पाळतो. साडूंना प्रवाळ हवं होतं, जिवंत दगड हवे होते, खारं पाणी हवं होतं. टाकी मात्र लहानशी, कारण आपण नवशिके आहोत हे त्यांनी नम्रपणे कबूल केलं. (हा नम्रपणा त्यानंतर कोणाला दिसलेला नाही.) आणि टाकी जितकी लहान तितकी ती नाजूक, हा या शास्त्राचा पहिला नियम. मोठ्या समुद्रात जहाज बुडालं तरी चालतं. लहान समुद्राशेजारी कोणी दार आपटलेलं चालत नाही.

आता नाजूक टाकी कुठेही ठेवता येत नाही. ऊन नको, वारा नको, वर्दळ नको, जमीन पक्की हवी, विजेचं बटण जवळ हवं. या सगळ्या कसोट्यांना घरातली एकच खोली उतरली, ती साडूंच्या वडिलांची. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. आपल्या खोलीत ऊन येत नाही, ही आप्पांची जुनी तक्रार होती. तिची अखेर दखल घेतली गेली.

मायक्रोवेव्हपेक्षा जरा मोठ्या टाकीसाठी अख्खी खोली कशाला रिकामी करायची, असं माझी मेहुणी म्हणाली. ती साडूंची बायको आहे, तरी अधूनमधून असे प्रश्न विचारते. तिला सांगण्यात आलं की पांघरुणाचे धागे पाण्यात उडतात, पंखा लावला की पाण्याचं तापमान बदलतं, आणि शिवाय माणूस झोपेत श्वास सोडतो. शेवटचा मुद्दा निर्णायक ठरला. आप्पांची कॉट बैठकीच्या खोलीत, अगदी दाराच्या तोंडाशी आली. टाकी बसेपर्यंतच, असं ठरलं.

टाकी बसणे म्हणजे काय, तर मीठ कालवलेल्या पाण्यात दगड ठेवायचे आणि त्यांच्यावर उपयोगी जंतू वाढायची वाट बघायची. मासा घालायचा नाही. घाई करायची नाही. ज्या साडूंनी हाताखालच्या माणसाला कधी दुपारपर्यंतची मुदत दिली नाही, ते महिनाभर दगडांकडे बघत बसले. पाहुणे आले की त्यांनाही बसवत. पाहुणे विचारत, यात आहे काय? साडू सांगत, जंतू. मग पाहुणे मान डोलावून छान आहेत म्हणत. दगडांवर तपकिरी घाण धरली तेव्हा तर पेढे वाटायचेच बाकी राहिले, कारण ती शास्त्रात अपेक्षित असते. (आप्पांच्या कपाचा डाग टेबलावर पडला, तो शास्त्रात नव्हता. त्याबद्दल त्यांना समज देण्यात आली.)

मग मासा आला. बोटभर, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. पिशवीतला मासा एकदम टाकीत सोडायचा नसतो. आधी पिशवी पाण्यावर तरंगत ठेवायची, मग बारीक नळीने टाकीचं पाणी तिच्यात थेंब थेंब सोडायचं, म्हणजे नवं पाणी त्याच्या अंगवळणी पडतं. अख्खी दुपार त्यात गेली. साडू स्टुलावर बसून डोळ्यांत तेल घालून थेंबांकडे बघत होते आणि घरातले बाकीचे कुजबुजत बोलत होते. एकदम जागा बदलली की जीव घाबरतो, असं साडूंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. आप्पांनी ते कॉटवरून ऐकलं आणि मान हलवली. त्यांना पटलं असावं.

आप्पांचे कपडे अजून त्याच खोलीतल्या कपाटात होते. ते आणायला ते सकाळी आत जात, आणि मग टाकीच्या काठावर हात टेकून माशाशी गप्पा मारत उभे राहत. मासाही काचेपाशी येई. मेहुणी म्हणायची, ओळखतो हो त्यांना. साडूंनी स्पष्ट केलं की मासा फक्त खाण्याच्या आशेने येतो.

टाकीतलं पाणी वाफ होऊन रोज थोडं उडतं. ते भरून काढण्याचं काम साडूंनी कोणावर सोडलं नाही. रोज सकाळी ते स्वतः बादलीत मीठ कालवत आणि ते पाणी टाकीत ओतत. समुद्रात गोडं पाणी कोण ओततो, असा त्यांचा बिनतोड सवाल होता. (पाऊस ओततो. पण तो त्यांच्या विभागात येत नाही.)

थोड्याच दिवसांत माशापाठोपाठ आणलेलं प्रवाळ मिटलं. काच साफ ठेवायला आणलेली गोगलगाय काचेवरून खाली पडली. मासा पुढे येईनासा झाला. साडूंनी खारटपणा मोजला, तर तो चढलेला. दुसऱ्या दिवशी आणखी चढलेला. तेव्हा त्यांनी रीतसर चौकशी केली. मीठ आपण मोजून घालतो, तेव्हा चूक आपली नाही. (चौकशीचा पहिला निष्कर्ष नेहमी हाच असतो, आणि बहुधा तो चौकशीच्या आधीच काढलेला असतो.) म्हणजे जास्तीचं मीठ बाहेरून येतंय. माणसाच्या घामात मीठ असतं. काठावर हात टेकणारं माणूस घरात एकच. आणि आप्पांना घाम फार येतो.

हसू नका. याहून कच्च्या पुराव्यावर साडूंच्या कचेरीतून माणसं घरी गेली आहेत.

आप्पांना विचारलं, तेव्हा आपण नुसते बोलत होतो एवढंच ते म्हणाले. हा कबुलीजबाब मानण्यात आला. कपाट बाहेर आलं, खोलीला कुलूप लागलं. तरी खारटपणा चढतच राहिला. यावरून घाम दाराखालूनही जातो हे सिद्ध झालं, आणि मग एकच उपाय उरला. ज्येष्ठांसाठी एक निवास आहे, तिथली हवा मोकळी आहे, असं साडूंनी फोनवर पाहून ठेवलं होतं. दुपारचं जेवण झालं आणि चहाच्या आत आप्पा तिकडे पोहोचले. नळी नाही, थेंब नाहीत, काही नाही. निघताना दारात त्यांनी मुलाचा हात हातात घेतला.

"टाकी बसली की न्यायला ये."

"येतो ना," साडू म्हणाले, आणि रुमाल काढून हात पुसला.

पुढच्याच आठवड्यात मासे विकणारा दुकानदार घरी आला. त्याने टाकी पाहिली, बादली पाहिली, आणि कपाळाला हात लावला.

"साहेब, उडतं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. त्यावर तुम्ही रोज आणखी मीठ ओतताय. साधं पाणी घालायचं असतं."

मेहुणीने तिथल्या तिथे चपला पायात सरकवल्या. "चला, आप्पांना घेऊन येऊ."

साडूंनी तिला थांबवलं. खारटपणा उतरवायचा तो हळूहळू, आणि तोवर घरात काही म्हणता काही हलवायचं नाही. माशाला आता कसलाही धक्का सोसणार नाही, म्हणाले. मासा दगडामागे कुशीवर पडला होता; कल्ले तेवढे हलत होते. मेहुणीने चपला काढल्या आणि ती आत निघून गेली.

ही हकीकत मी बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. लोक साडूंना मनसोक्त नावं ठेवतात, आप्पांसाठी हळहळतात, आणि मग जरा पुढे सरकून विचारतात, पण तो मासा वाचला का? आप्पा परत आले का, असं आजवर एकानेही विचारलेलं नाही. त्याचं उत्तर ज्याला त्याला आपापल्या घरावरून आधीच ठाऊक असतं. तुम्हीही मघापासून चुळबुळ करताय, दिसतंय मला. वाचला हो मासा. अगदी ठणठणीत आहे. झालं समाधान?