तो, ती आणि मागची रांग

आधीच सांगतो, शुद्धलेखनाचं आणि माझं फारसं जमत नाही. आठवीतच शाळा सुटली (शाळेनेही राहा म्हणून आग्रह केला नाही). ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ पडला तर पोटात घाला. शब्द साधे वाटले तर त्याला इलाज नाही, याहून भारी शब्द घरात नाहीत. शिवाय ही गोष्ट माझी नव्हे. माझ्या ओळखीच्या एका कुशनवाल्याची आहे. तो इतका लाजाळू आहे की स्वतः कधीच सांगणार नाही, म्हणून मला सांगावी लागते.

तर हा कुशनवाला सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा शिवतो. पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि मधे फोमच्या गुंडाळ्यांची भिंत. त्याची बायको शिलाई मशीनवर कव्हरं शिवते आणि गिऱ्हाइकांशी बोलते. बोलायचं काम तिच्याकडे असण्याचं कारण म्हणजे गिऱ्हाईक आलं की हा मान खाली घालून त्याच्या चपलांशी बोलतो. बायको बारावी झालेली आहे. मशीन चालवता चालवता ती हिशोब, गप्पा आणि नवरा असे तिन्ही सांभाळते.

सगळं सुरू झालं ते साडूच्या नव्या गाडीपासून. साडू म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा. एका रविवारी तो पांढरीशुभ्र, दारापासून कोपऱ्यापर्यंत लांब गाडी दाखवायला घेऊन आला. "अगंबाई भावोजी, किती छान!" बायको म्हणाली. एकदा म्हणाली असती तर कुशनवाल्याने सोसलं असतं. ती तीनदा म्हणाली.

मग चक्कर मारायला निघाले. ताई पुढे, हे दोघं मागे. सीटवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. कुशनवाल्याने एक पाय आत टाकला, तेवढ्यात साडू आरशातून म्हणाला, "पाय झटकून बस हं, साडूभाऊ!"

जन्मभर दुसऱ्यांच्या सीटा शिवणाऱ्या माणसाला हे वाक्य कुठे टोचलं असेल ते सांगायला नको. तो गुपचूप खाली वाकला, पाय झटकले आणि वाटभर सीटची शिवण तपासत राहिला. एके ठिकाणी टाका वाकडा सापडला तेव्हा त्याला जरा बरं वाटलं. तेवढ्यात बायको म्हणाली, "कसली मऊ सीट आहे नाही?" आणि ते बरं वाटणंही गेलं.

घरी येईपर्यंत त्याचा निश्चय झाला होता. गाडी घ्यायची. आणि अशी घ्यायची, की बायकोने चार वेळा 'छान' म्हणायला हवं.

गावाबाहेर जुन्या गाड्यांचा एक दलाल होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'हमी माझी' म्हणायचा, म्हणून लोक त्याला हमीवाला म्हणत. त्याच्या आवारात मागच्या रांगेत ती उभी होती. लालभडक स्पोर्ट्स कार. दोन दरवाजे, जमिनीला टेकलेलं पोट आणि उभी असतानाही पळत असल्यासारखं तोंड.

"थोडी हिस्टरी आहे तिची," हमीवाला खोकला. "किरकोळ अपघात. धक्का म्हणा. धक्कासुद्धा नाही, स्पर्श. हमी माझी."

कुशनवाल्याला इंजिनातलं काही कळत नाही, पण सीटमधलं सगळं कळतं. रंग खोटं बोलतो, पत्रा खोटं बोलतो, सीट बोलत नाही. त्याने ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या फटीत दोन बोटं घातली. कडेची शिवण उसवून दुसऱ्याच धाग्याने पुन्हा मारलेली होती. खाली फोममध्ये रुतलेले काचेचे हिरवट तुकडे निघाले, सात.

"कुणीतरी सरबताची बाटली फोडली असेल," हमीवाला म्हणाला.

गाडीच्या दाराची काच फुटली की असे खडीसाखरेसारखे तुकडे होतात, हे कुशनवाल्याला पक्कं ठाऊक होतं. 'किरकोळ' अपघातात ती फुटत नाही, हेही. त्याने तुकडे शर्टाच्या खिशात टाकले आणि पुन्हा एकदा गाडीकडे पाहिलं. लाल रंगावर ऊन पडलं होतं. ठाऊक असलेलं सगळं तो विसरला. "दोन-चार दिवसांत कळवतो," तो तिच्या टायरला म्हणाला.

पुढचे चार दिवस त्याचे हो-नाही करण्यात गेले. काच खिशात वाजली की 'नको', आणि साडूचा आरसा आठवला की 'घ्यायचीच'. शेवटी फोमच्या भिंतीआड उभं राहून त्याने हमीवाल्याला फोन लावला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "तिला बघितल्यापासून कामात लक्ष नाही हो माझं. … आधी काय झालंय तिचं ते माहीत आहे मला. असू दे. … नाही, घरी नाही बोललो अजून. … फक्त रविवारपर्यंत दुसऱ्या कुणाला तिला हात लावू देऊ नका."

भिंतीपलीकडचं शिलाई मशीन मधेच थांबलं होतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

त्याच दुपारी तो पाणी प्यायला आत गेला, तर बायको मोरीजवळ पाठमोरी उभी राहून ताईशी फोनवर बोलत होती. "वय झालंय गं त्याचं, पण अंगाने दणकट आहे. एकदा आपटलाय कुठेतरी, कपाळावर खूण आहे. तेवढं काय चालायचंच. … ह्यांना? छे, ह्यांना इतक्यात नाही सांगायचं! हे 'बघू' म्हणतील, आणि ह्यांच्या 'बघू'मध्ये दुसरंच कुणीतरी त्याला घेऊन जाईल. … अगं, नुसतं बसून राहायचा कंटाळा आलाय मला."

कुशनवाल्याच्या हातातला पेला तसाच राहिला. पाणी न पिता तो दुकानात आला आणि एका निरपराध खुर्चीला त्याने चाळीस स्टेपल मारल्या.

त्या दिवसापासून तो लोकांच्या चपला सोडून कपाळं बघायला लागला. पोस्टमनचं कपाळ साफ होतं. कुरिअरवाल्याचं मुरुमांनी भरलेलं, पण खूण नाही. शुक्रवारी फोमवाला माल टाकायला आला आणि त्याने घाम पुसायला टोपी काढली. डाव्या भुवईच्या वर ही एवढी खूण!

"हे काय झालंय?" माझा आवाज, म्हणजे कुशनवाल्याचा आवाज, चिरकला.

"हे होय? आपटलो होतो."

"कुठे?"

"दारावर."

"कुणाच्या?"

"माझ्याच की! असं काय विचारता?"

तेवढ्यात आतून बायको चहा घेऊन आली. "घ्या भाऊ, साखर बरोबर आहे ना?"

'भाऊ' म्हणाली म्हणून त्याचा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण मत्सर फार हुशार असतो. 'मुद्दाम म्हणाली,' तो कानात सांगून गेला. आणि साखर विचारली! लग्नाला पाच वर्षं झाली, ह्याला कधी साखर विचारली होती का? (ह्याला साखर चालत नाही ती गोष्ट वेगळी.)

संध्याकाळी जेवायला बसला, तर ताटाशेजारी बशीत काचेचे सात तुकडे मांडलेले.

"शर्ट धुवायला टाकताना निघाले," बायको म्हणाली. "कुणाच्या बांगडीचे?"

"बांगडीचे कुठे? सीटमधून निघाले."

खरं सांगितल्यावर एवढं बिघडतं हे त्याला माहीत नव्हतं. "सीटमधून!" बायको म्हणाली, आणि तिने आमटीचं भांडं असं ठेवलं की आमटी भांड्यातून थोडी त्याच्याकडे आली. विचारायला तो लाजत होता आणि ती रुसली होती. दोन्हींचा आवाज सारखाच येतो, म्हणजे येत नाही.

पण त्याने मनाशी ठरवलं. कपाळवाल्याला मात द्यायची तर लाल गाडी हवीच. बायको एकदा तिच्यात बसली की सगळी कपाळं विसरेल.

रविवारी सकाळी बायको म्हणाली, "मी ताईकडे जाऊन येते." हा म्हणाला, "मी फोम बघून येतो." ती डावीकडे गेली, हा उजवीकडे. आणि अर्ध्या तासाने दोघंही हमीवाल्याच्या फाटकात समोरासमोर उभे.

आयुष्यात पहिल्यांदा कुशनवाल्याला कंठ फुटला. "कुठाय तो?"

"ती कुठाय ते आधी सांगा!"

"तुला काय माहीत तिचं?"

"मग तुम्हाला काय माहीत त्याचं?"

हमीवाला दोघांच्या मधे हात जोडून आला. "मालक, वहिनी, भांडता कशाला? तो पण आहे, ती पण आहे. मागच्या रांगेत दोघं शेजारी-शेजारी उभे आहेत. हमी माझी!"

"शेजारी-शेजारी!" दोघंही एका सुरात ओरडले आणि धावले.

मागच्या रांगेत लाल स्पोर्ट्स कार उभी होती. तिला खेटून एक निळा टेम्पो. समोरच्या काचेच्या वर, बरोबर कपाळावर, हा एवढा पोचा.

"हा… तो?" कुशनवाल्याने विचारलं.

"आणि ही… ती?" बायकोने विचारलं.

टेम्पो 'तो' असतो आणि गाडी 'ती' असते. हा धडा आठवीच्या पुढच्या कुठल्यातरी पुस्तकात असणार. बारावी झालेल्या बायकोला तो का आठवला नाही, हे विचारायची माझी छाती नाही. कुशनवाल्याचीही नव्हती.

बायको मटकन टेम्पोच्या पायरीवर बसली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने सगळं सांगितलं. गावातल्या सिनेमागृहाच्या सगळ्या खुर्च्या नव्याने भरायच्या होत्या. एवढं मोठं काम दुकानात कधी आलं नव्हतं. अट एकच, खुर्च्या स्वतःच्या वाहनाने न्यायच्या आणि आणायच्या. मॅनेजर उद्यापर्यंतच थांबणार होता. आणि दोघांनी मिळून जे साठवलं होतं त्यात एक काहीतरी येणार होतं, तो किंवा ती.

कुशनवाला लाल गाडीकडे बघत राहिला. बायको उठली आणि तिने ड्रायव्हरशेजारच्या सीटवर हात ठेवला.

"काच हिच्यातलीच?"

"हो."

"ह्या सीटमधली?"

"हो."

"म्हणजे माझ्या."

कुशनवाल्याने मान खाली घातली. ह्या वेळी समोर बायकोच्या चपला होत्या. त्यांचे अंगठे शिवलेले होते, त्याच्याच धाग्याने. एवढी साधी गोष्ट त्याने एकदाही मनात आणली नव्हती. तिथे आधी कोण बसलं होतं, त्याचं काय झालं, आणि आता तिथे कोण बसणार.

"सीट उचलून बघितलीत, सगळं कळलं, तरी घेणार होतात?"

"तू भावोजींच्या गाडीला तीनदा छान म्हणालीस," तो पुटपुटला.

"अहो, गाडीला म्हणाले! बरं, ही चालवणार कोण होतं?"

आठवडाभर कुशनवाल्याने रंग, शिवण, साडूचं तोंड, सगळ्याचा विचार केला होता. आपल्याला गाडी चालवता येत नाही, हे मात्र राहून गेलं होतं.

"तुला येते?"

"महिनाभर शिकतेय. ताईकडे जाते म्हणून कुठे जात होते मग?"

"शिकवलं कुणी?"

"भावोजींनी."

(इथे आपण क्षणभर थांबू या. कुशनवालाही थांबला होता.)

टेम्पो घेतला. लाल गाडीकडे त्याने एकदाच वळून पाहिलं. हमीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "स्पर्श हो, नुसता स्पर्श!" कुशनवाला उलट पावली परत गेला आणि त्या अनोळखी माणसाच्या बुटांना म्हणाला, "सीट उचलून बघा." मग कान लाल करून पळत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दोघं सिनेमागृहावर गेले. मागच्या रांगेतल्या खुर्च्या आधी उचलायच्या होत्या. टेम्पोत त्या उभ्या केल्या, दोरीने बांधल्या, तरी डुगडुगत होत्या. कुणीतरी धरून बसायला हवं होतं. बायको चालवत होती. उरलं कोण ते सांगायला नको.

उघड्या टेम्पोत, सिनेमाच्या खुर्चीवर, रस्त्याकडे तोंड करून, दोन्ही हातांनी दोन बाजूंच्या खुर्च्या धरून कुशनवाला बसला. चौकात टेम्पो थांबला. मागे येऊन उभी राहिली एक पांढरीशुभ्र, लांब गाडी. साडूने काच खाली केली.

"काय साडूभाऊ, सिनेमा कुठला?"

कुशनवाला काही बोलणार, इतक्यात पुढच्या खिडकीतून बायकोची हाक आली, "अहो, पाय झटकून बसा हं! खुर्च्या लोकांच्या आहेत!"

मी पाय झटकले.

म्हणजे त्याने झटकले. चुकांचं सुरुवातीलाच सांगितलं होतं.