समुद्रकाठचं वाळवण

पोत्याचं तोंड सोडलं तेव्हा चिन्नोर तांदळाचा वास खोलीभर पसरायला हवा होता. आला तो ओल्या गोणपाटाचा. मंगलाबाईंनी आत हात घातला आणि त्या ओरडल्याच.

"अजी, भिजले ना तांदूळ!"

भैय्यालालजी चहात टोस्ट बुडवत होते. "गाडीत त्या बाईची पान्याची कॅन सांडली होती ना. म्या तवाच म्हनलं होतं."

"मंग तवाच पोतं काहून नाई उचललं?"

भैय्यालालजी कपात बघू लागले. तेवढ्यात टोस्टही चहात विरघळला.

भंडाऱ्याकडच्या आंधळगावहून कोकणातल्या या किनाऱ्यावर दोघं आले होते ते लेकीसाठी. रीना इथल्या बँकेत होती, आणि इथल्याच सुदेश मयेकरशी तिचं जमलं होतं. जात वेगळी, बोली वेगळी, मासासुद्धा वेगळा. यांचा तलावातला, त्यांचा खाऱ्या पाण्यातला. सुदेशची आई लॉज चालवायची. तिने हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. "ज्यांनी कधी दर्या बघितला नाही, त्यांची मुलगी माझ्या घरात कशी नांदायची?" एवढंच ती सुदेशला म्हणाली होती. उद्या दुपारी ती रीनाकडे जेवायला येणार होती आणि जेवून झाल्यावर काय ते सांगणार होती.

मंगलाबाईंची सगळी भिस्त या तांदळावर होती. घरच्या धानाच्या बांधीतला, हाताने निवडलेला. पहिला घास पोटात गेला की त्या बाईच्या तोंडून 'नाही' निघणारच नाही, अशी त्यांची पक्की खात्री. आता मात्र उद्यापर्यंत त्याला कुबट वास सुटणार होता. रीनाची खोली माडांच्या बागेत. तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचायचंच नाही. रीना तर कधीच कामावर गेली होती.

"समुद्रावर ऊन असन ना?" मंगलाबाई म्हणाल्या. झालं. भैय्यालालजींनी पोतं खांद्यावर घेतलं, बाईंनी खाटेखालची ताडपत्री आणि एक लुगडं बगलेत मारलं.

माडांची रांग संपली आणि मंगलाबाईंचे पाय थांबले.

जन्मभर त्या तलावाकाठी वावरलेल्या. पाणी म्हटलं की त्याला पार, म्हणजे मातीचा बांध, असायची, पारेवर देव असायचा, आणि पलीकडच्या काठाला कोणाची तरी म्हैस बसलेली असायची. इथे पलीकडचा काठच नव्हता. पाणी दूरवर गेलं होतं आणि तिथेच आभाळ होऊन वर चढलं होतं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण एवढ्या मोठ्या गोष्टीसमोर तोंड उघडायचं म्हणजे देवळात शिंकल्यासारखं वाटलं.

"अजी," अखेर त्या हळूच म्हणाल्या, "हे संपते कुठी?"

भैय्यालालजी गावच्या पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष. कोणत्या पाटाला पाणी कधी सोडायचं, हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. त्यांनी पोतं खाली ठेवलं, टोपी काढली. "पार नाई, दरवाजा नाई. कोनाच्या भरोशावर थांबलं असन बापा एवढं पानी!"

पाण्यापासून अलीकडे वाळू नुसती पसरली होती. सपाट, कडक, कोणी पहाटेच सारवून ठेवल्यासारखी. धान निघालं की ते वाळवायला रस्त्याचीही गय न करणाऱ्या मुलखातल्या बाईला ते बघवेना.

"एवढं मोठं खळं, आन् कोनी एक दाना वाळू नाई घातला! आळशी दिसतेत इथले लोक."

वरची वाळू भुसभुशीत, तिथे घोडागाड्या आणि कुत्री. म्हणून दोघं पार खाली गेले. ताडपत्री अंथरली, वर धुतलेलं लुगडं, आणि त्यावर तांदूळ पसरला. उन्हात तो असा पांढरा लखलखला की वास आपोआप परतला.

या गावाचा स्वभाव असा, की इथे कोणी जरा वेळ एका जागी बसलं तरी त्याचं प्रेक्षणीय स्थळ होतं. सूर्यास्त पॉइंट, डॉल्फिन पॉइंट, एका वाकड्या माडाचासुद्धा पॉइंट. थोड्याच वेळात गॉगल लावलेल्या एक बाई येऊन उभ्या राहिल्या.

"काकू, हे कशासाठी करतात?"

मंगलाबाई खोटं बोलल्या नाहीत. "पोरीच्या लग्नासाठी."

"अगंबाई! आमच्या मुलीचंही जमत नाहीये हो." आणि त्या बाईंनी पर्समधून कुंकू काढून तांदळावर वाहिलंसुद्धा.

"आवो बाई, राहू द्या! भात लाल होईन ना!"

"किती साध्या आहेत बघा," ती बाई मागे वळून मैत्रिणींना म्हणाली, आणि मैत्रिणी रांगेत उभ्या राहिल्या. नारळवाल्याने रांग बघितली आणि गाडी तिकडे ओढली. घोडागाडीवाला वरून ओरडू लागला, "लग्न पॉइंट! लग्न पॉइंट! चला, बसा!" मंगलाबाई एकीचं कुंकू निवडून काढेपर्यंत दुसरी हळद टाकायची. एक आजोबा तर चिमूटभर तांदूळ नातवाच्या खिशात घालून पायाच पडले.

"रीनाची माय," भैय्यालालजी पाण्याकडे बघत म्हणाले, "पानी चढून राहिलं."

"पाऊस नाई, पानी नाई, चढन कायले? या बायकाइले हटवा पहिले!"

"मी सांगतो ना. कोनं तरी दरवाजा सोडला. जाऊन पाह्यतो."

ते तडक जीवरक्षकाच्या मचाणाकडे गेले. "साहेब, मी अध्यक्ष आहो पानीवाटपाचा. हे पानी कोनं सोडलं? दरवाजा कोनाच्या हातात आहे?"

त्या माणसाने शिट्टी तोंडातून काढली आणि वर बोट दाखवलं. निळ्या आभाळात दिवसाउजेडी चंद्र होता, पिठाच्या बोटासारखा फिकट. "त्याच्या, काका. भरती आहे."

शाळेत कधीतरी पाठ केलेलं सगळं भैय्यालालजींना आठवलं. पण पाठ करणं वेगळं. इथे आभाळातला एक चंद्र एवढं पाणी ओढत होता. ना अर्ज, ना सभा, ना पाटाच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याची बोंब! ते मान वर करून बघतच राहिले. बायकोला काही सांगायचं आहे, हे पार विसरले.

पहिली लाट ताडपत्रीच्या कडेला शिवून गेली. मंगलाबाईंनी घाईघाईने लुगड्याची टोकं धरली, पण बाजूला नारळ, अगरबत्त्या, माणसं. ओढणार कुठे? दुसरी लाट आली ती सगळं उचलूनच घेऊन गेली. तांदूळ पाण्यावर पसरला, आणि क्षणभर तांदूळ कुठला आणि फेस कुठला हे कळेना. एक पांढरी वाट सरळ आभाळापर्यंत गेल्यासारखी दिसली. मंगलाबाईंचे हात कधी जोडले गेले, त्यांनाच समजलं नाही.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. "घेतलं! समुद्राने घेतलं!"

भिजलेल्या लुगड्याचा बोळा छातीशी धरून मंगलाबाई रडायला लागल्या. लोकांना वाटलं, आनंदाने.

गर्दीतून एक ठेंगणी, केसांत अबोलीचा वळेसर माळलेली बाई कोपरांनी वाट काढत पुढे आली. आपलं लॉज ओस पडून सगळी गिऱ्हाइकं कुठे पळाली, हे बघायला ती निघाली होती.

"खंयच्या गो तुमी?"

"भंडाऱ्याच्या. आंधळगाव. आमची रीना बँकेत—"

"रीनाची आवस!" बाईने कमरेवर हात ठेवले. "मी सुदेशची आई."

मंगलाबाईंनी लुगड्याचा बोळा खाली ठेवला. आता लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. "बाई, लोकाइचं काही आयकू नका. म्या पूजा-बिजा नाई केली. तुमच्यासाठी तांदूळ आनले होते, ते भिजले, म्हून वाळू घातले. पानी असं चालत येते, हे मले मालूमच नव्हतं."

मयेकरबाईने लाटेकडे बोट केलं.

"आमी नारळी पुनवेक दर्याक एक नारळ देतो," ती म्हणाली. "तुमी पोतंभर तांदूळ दिलात. दर्यान आहेर घेतल्यान. आता मी नाय म्हटलं, तर तो माका किनाऱ्यार सुखान रवाक देतलो?"

"पन बाई, म्या तं वाळू घातले होते!"

"ता माका ठावक झाला." मयेकरबाईने आवाज खाली आणला आणि समुद्राकडे हळूच डोळा केला. "त्याका खंय ठावक आसा?"