कमी दाबावरची हिरवळ

सुसंस्कृत समाजाला हिरवळ लागते आणि हिरवळीला पाणी लागतं. समाज आणि पाणी यांची गाठ मात्र आमच्या कॉलनीत सकाळी तासभरच पडते, तीही नळाच्या मनात असेल तर.

भोपाळमध्ये कोटरा सुल्तानाबादला आमची बावीस घरांची कॉलनी आहे. तिथे विश्वासराव पांढरीपांडे यांनी निवृत्तीनंतर बंगला बांधला. पिपलानीच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर प्रचंड दाबाच्या वाफेचे व्हॉल्व्ह तयार केले. दाब कमी असणं ही गोष्ट त्यांनी नोकरीत कधी पाहिलेली नव्हती (घरी पाहिली होती, पण तो त्यांचा स्वतःचा होता).

त्यांच्या पत्नी शशिकलाबाई. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये त्यांचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू दरवर्षी बाहेरच्या खोलीत व्हायचं. जागा इतकी कमी, की बायका पाळीपाळीने बसायच्या आणि उरलेल्या जिन्यात उभ्या राहून पन्हं प्यायच्या. "आपलं घर झालं की लॉनवर करू," असं विश्वासरावांनी त्यांना लग्नानंतर लवकरच सांगितलं होतं. यंदा घर झालं होतं, लॉनही झालं होतं. पण होळी उलटली आणि लॉन गव्हाळ दिसू लागलं. शशिकलाबाई नुसत्या रोज सकाळी तिथे जाऊन उभ्या राहायच्या. विश्वासरावांना ते बोलण्यापेक्षा जड जात होतं.

पाइप हातात धरून पाणी घालता आलं असतं. पण तो उपाय कोणालाही सुचण्यासारखा असल्याने इंजिनियरला शोभणारा नव्हता. त्यांनी तुषार सिंचनाची योजना आखली आणि रीतसर समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः, सचिव शिवाजी नगरातल्या कचेरीत सरकारी टिपणं लिहून निवृत्त झालेले गजाननराव, आणि सदस्य मी, कारण माझ्याकडे बादली होती.

प्रथम नळाखाली बादली ठेवून ती किती वेळात भरते हे मोजण्यात आलं. या अवधीत समितीचा चहा झाला, वर्तमानपत्र झालं, गजाननरावांची दाढीही झाली. निष्कर्ष असा निघाला की एवढ्या पाण्यावर सगळे फवारे एकदम चालणार नाहीत, म्हणून लॉनचे विभाग पाडावेत आणि एका वेळी एकच चालवावा. लॉनवर चार बाजा कशाबशा मावतील. त्याचे उत्तर विभाग, दक्षिण विभाग आणि कढीलिंबाभोवतीचा केंद्रशासित प्रदेश असे तीन भाग झाले. गच्चीवरच्या टाकीतून पाणी घेण्याचा प्रस्ताव शशिकलाबाईंनी फेटाळला. टाकीच भरत नाही, मग देणार कुठून?

एवढं करूनही फवाऱ्याचं पाणी फवाऱ्याच्याच पायावर पडे. तेव्हा समितीने दाबाच्या मुळाशी जायचं ठरवलं आणि घरोघर पाहणी केली. तिचे आकडे असे: थेट नळाच्या लाइनला मोटर लावून पाणी खेचणारी घरं, शून्य. सकाळी मोटरचा आवाज ऐकू येणारी घरं, बावीस (सगळीकडे तो शेजारून येतो). एका गृहस्थांनी तर मोटरवर हात ठेवूनच सांगितलं, "हमारे यहाँ तो है ही नहीं, भाईसाहब."

गजाननरावांच्या लेखणीला अशा वेळी धार येते. 'कॉलनीत अस्तित्वात नसलेल्या सर्व मोटरी येत्या रविवारी पाणी येताच अर्धा तास बंद ठेवण्यात याव्यात,' असं परिपत्रक निघालं. बावीसही घरांनी ते एकमताने मान्य केलं. नसलेल्या वस्तूचा एवढा त्याग आमच्या कॉलनीत यापूर्वी झालेला नव्हता.

रविवारी नळाला हार घातला, नारळ फोडला आणि विश्वासरावांनी उत्तर विभागाचा व्हॉल्व्ह उघडला. फवाऱ्याने मान वर काढली, थोडं पाणी सोडलं, भोवती लहानसं डबकं झालं. शशिकलाबाईंनी हात जोडले. मग फवारा गुरगुरला, मान खाली घातली आणि ते डबकं परत आत ओढून घेतलं. जाताना एक मुंगीही नेली.

विश्वासराव वाकून बघत राहिले. आपण बसवलेलं यंत्र लॉनला पाणी पाजायचं सोडून लॉनचंच पाणी पितंय, हे पचायला त्यांना वेळ लागला. बाकी सगळ्यांच्या मोटरी आज बंद, तेव्हा आपल्याला भरपूर मिळणार, असा साधा हिशेब करून कॉलनीतल्या प्रत्येक घराने आपली मोटर लावली होती, आणि त्या ओढीने लाइन उलटी वाहत होती. (मीही लावली होती, पण फक्त इतरांच्या बंद आहेत ना हे तपासायला.)

"हे लोक," विश्वासराव म्हणाले, "यांना एक दिवस, एक दिवस धीर धरवत नाही."

"अहो," शशिकलाबाई हळूच म्हणाल्या, "आपलीही चालूच आहे. सगळ्यांच्या बंद होत्या ना, म्हटलं आज तरी टाकी भरेल."

गजाननरावांनी परिपत्रकाची घडी करून खिशात घातली. त्या दिवशी लाइनला नेमकं रोजच्याहून जास्त पाणी आलं होतं; थोड्याच वेळात गच्च्यांवरच्या टाक्या भरून वाहू लागल्या. बावीस गच्च्यांवरून पाणी रस्त्यावर, गटारांत, उभ्या स्कूटरींवर सारखं पडत होतं. कमी दाबावर इतकं समान वितरण आखणं पिपलानीच्या कोणाही इंजिनियरला जमलं नसतं. कोरडं राहिलं ते फक्त लॉन.

हळदीकुंकू ठरल्या दिवशी झालं. टेंटवाल्याकडून हिरवा गालिचा आणून पिवळ्या गवतावर अंथरला. बायकांनी आंब्याची डाळ खात लॉनचं तोंड भरून कौतुक केलं. शशिकलाबाई सगळ्यांशी हसून बोलल्या. पण गालिच्याची एक कड वर आली होती, ती त्या संध्याकाळभर पायाने दाबून उभ्या होत्या. एकदाही बसल्या नाहीत.

समितीचा अहवाल आता तयार आहे. तो छापण्याआधी वाचकांच्या घरांची पाहणी तेवढी बाकी होती, पण तीही मी घरबसल्या उरकली आहे. तुमच्याकडे मोटर नाही, हे मी लिहून घेतलं. आत्ता ऐकू येतोय तो आवाज शेजारचा, हेही लिहून घेतलं. तुमच्या गच्चीवरून पडणारं पाणी कोणाचं म्हणून लिहू, तेवढं सांगा.