थिजलेल्या तळ्यावरची बंदी

अध्यक्षांनी स्वतःच्या बायकोच्या कार्डावर बंदी घातली, ही बातमी मंडळात पसरायला जिना उतरण्याइतकाही वेळ लागला नाही. घरी सांगायला मात्र खुद्द अध्यक्षांना दोन दिवस लागले.

एरवी ते औषधांचं दुकान चालवत. पण लाँड्रीच्या वर कार्ड मंडळाचा हॉल होता, तिथे पाऊल टाकलं की ते अध्यक्ष होत आणि त्यांची मान आपोआप दोन बोटं उंच होई. खेळ साधा होता. पाकिटांतून निघणारी चित्रांची कार्डं जमवायची, त्यातली चाळीस निवडून आपली गड्डी बांधायची आणि समोरच्याला चीत करायचं. एखादं कार्ड मात्र इतकं जबर निघे, की ते पडलं की खेळच संपे. मग कुणीतरी अर्ज करी, तिघांची समिती बसे आणि त्या कार्डावर बंदी येई. समितीत अध्यक्ष, चिटणीस म्हणून दातांचे डॉक्टर, आणि तिसरे घड्याळवाले काका. काकांचं मत नेहमी सभा लवकर संपण्याच्या बाजूने पडे.

बायकोकडे 'थिजलेलं तळं' होतं. ते टाकलं की समोरच्याची सगळी कार्डं दोन डाव गोठत. समोर बसलेल्या एका वकिलाने म्हणे ते पाहून घरून स्वेटर मागवला होता. याच कार्डाच्या जोरावर ती अंतिम फेरीत पोचली होती, आणि पुढच्या रविवारी तिची गाठ शाळेतल्या पीटीच्या सरांशी होती.

नेमका तेव्हाच तळ्याविरुद्ध अर्ज आला. अर्जदाराचं नाव चिटणीस कात्रीने कापून आपल्या खणात ठेवत. अध्यक्षाचं मन निर्मळ राहावं म्हणून हा नियम अध्यक्षांनीच केला होता. "घरचं कार्ड आहे म्हणून मी कचरणार नाही," असं ते सभेत तीनदा म्हणाले. कुणी एकदाही विचारलं नव्हतं.

शुक्रवारी जेवताना त्यांनी एकदाचं सांगून टाकलं. बायकोने वाढता वाढता ऐकलं आणि म्हणाली, "बरं."

अठरा वर्षांच्या संसारात अध्यक्षांना दोन प्रकारचं 'बरं' ठाऊक होतं. हे तिसरं होतं.

शनिवारी सकाळी फ्रिजवर कागद लागला. अगदी मंडळाच्या नमुन्याप्रमाणे, वर जावक क्रमांक, खाली सही. 'या घरातील अति ताकदवान कार्डांची यादी.' पहिला क्रमांक खिडकीजवळच्या आरामखुर्चीचा. कारण: एकदा बसलेला खेळाडू उठत नाही, बाकी सगळ्यांचे डाव अडतात. दुसरा क्रमांक 'बघतो' या उत्तराचा. कारण: टाकायला काही लागत नाही, पण समोरच्याचा कसलाही बेत जागीच मरतो. दोन्हींवर संपूर्ण बंदी. लेकीचं 'उद्या परीक्षा आहे' आठवड्यातून एकदाच चालेल. सासूबाईंचं 'माझं काय, आज आहे, उद्या नाही' महिन्यातून एकदा, तेही जेवणाच्या ताटावर नाही.

अध्यक्ष हसले. असली गंमत दोन दिवस चालते, असं त्यांचं अनुभवी मत होतं. आई आधी चिडल्या. मग आपली गणना ताकदवान कार्डांत झाली आहे हे ध्यानात आल्यावर त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी रीतसर अर्ज केला, की सूनबाईचं गप्प बसणं यादीत का नाही. सूनबाईने अर्ज वाचला, शेरा मारला, 'पुरावा सापडत नाही', आणि दिवसभर गप्प बसली.

सोमवारपर्यंत अध्यक्षांची गंमत जिरली. खुर्ची गेल्यामुळे ते स्टुलावर बसत, आणि त्या स्टुलाचा एक पाय बाकीच्या तिघांशी फटकून वागे. पण खुर्चीचं दुःख परवडलं, 'बघतो' गेल्याने माणूस पार उघडा पडला. माळा कधी आवरणार, असं विचारलं की आता 'हो' म्हणायचं किंवा 'नाही' म्हणायचं. 'नाही' म्हटलं की कारण द्यावं लागे. 'हो' म्हटलं की तारीख. माळा मंगळवारी ठरला, मेहुण्याला भेटणं बुधवारी, आणि स्वयंपाकघरातला गळका नळ तर ते सोमवारीच दुरुस्त करून बसले.

तो नळ अकरा महिने थेंबथेंब गळत होता. अध्यक्षांचा हात लागल्यावर त्याने तो भेकडपणा सोडला. खालच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई वर आल्या तेव्हा अध्यक्ष नळाच्या तोंडात अंगठा घालून उभे होते. बाईंनी विचारलं, आमचं छत तुम्ही रंगवून देणार ना. जिभेच्या टोकावर 'बघतो' आलं होतं. तेवढ्यात लेक म्हणाली, "बाबा, फ्रिज."

"हो," अध्यक्ष म्हणाले. "शनिवारी."

हीच खोड दुकानापर्यंत गेली. अमकं औषध उद्या येईल का, असं गिऱ्हाइकाने विचारलं की पूर्वी बघतो म्हणून भागे. आता ते सवयीने हो म्हणत आणि संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामात रांगेत उभे राहत. बुधवारी मेहुण्याने त्यांच्याकडून आपलं कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवून घेतलं. परत येताना त्यांची पाठ एका बाजूला होती आणि ते दुसऱ्या.

"अरे, मग जा आणि उठव ती बंदी," आई म्हणाल्या. "एका कार्डापायी माणसाचं हाड मोडायचं का?"

गुरुवारी संध्याकाळी अध्यक्षांनी तातडीची सभा बोलावली. थिजलेलं तळं मुळात तितकं थिजलेलं नाही, असा मुद्दा त्यांनी मांडला. डॉक्टरांनी चष्मा काढून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. बंदी उठली. सूचना हॉलच्या दारावर लागली आणि तिची एक प्रत अध्यक्षांनी घरी नेऊन बायकोच्या हातात ठेवली.

"बरं," ती म्हणाली. कागद फ्रिजवरून हलला नाही.

शुक्रवारी ते दिवसभर वाट पाहत राहिले. तो दिवस अंतिम सामन्याच्या गड्ड्या देण्याचा. सहाच्या आत गड्डी बंद पाकिटात चिटणिसांकडे द्यायची, मग तीत बदल नाही. नंतर एखाद्या कार्डावर बंदी आलीच, तर त्याच्या जागी कोरं कार्ड घालायचं. बायको पाच वाजता पाकीट देऊन आली. सात वाजले तरी खुर्ची रिकामी आणि यादी जागेवर, तेव्हा मात्र अध्यक्षांचा बांध फुटला.

"तुझं तळं तुला परत दिलं. मंडळात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी स्वतःला. आता अजून काय पाहिजे?"

"अहो, पण मला कुठे हवं होतं ते?" बायको म्हणाली. "अर्ज मीच दिला होता."

अध्यक्ष नकळत आरामखुर्चीत बसले. कुणी हरकत घेतली नाही, इतकी त्यांची अवस्था दिसत होती.

तिने शांतपणे समजावलं. तिच्याकडे तळं एक. पीटीच्या सरांनी महिनाभर पाकिटं फोडून दोन मिळवलेली. तिने सरांना एकदा गोठवलं, तर ते तिला दोनदा गोठवणार. त्यापेक्षा कुणाकडेच नको म्हणून तिने अर्ज केला, आणि गड्डी तळ्याशिवाय बांधून दिली.

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"अर्जदाराचं नाव अध्यक्षाला कळता कामा नये. नियम तुमचाच."

"आणि आता?"

"आता सर माझं वाटोळं करतील," ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.

शनिवारी सकाळी छताचा रंग आणि ब्रश जिन्यात ठेवून अध्यक्ष काकांना घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात धावले. डॉक्टर एका पेशंटची दाढ काढत होते. हात रिकामे नव्हते, म्हणून सभा तिथेच भरली. तळं फार म्हणजे फारच थिजलेलं आहे, असं अध्यक्षांनी मांडलं. परवा तुम्हीच तर म्हणालात, असं डॉक्टर म्हणत असतानाच पेशंट कळवळून ओरडला. "झालं, एकमत झालं," काका म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

रविवारी अध्यक्षांनी सामना मागच्या बाकावरून पाहिला. त्यांच्या नखांत पांढरा रंग होता. गुरुवारची सूचना वाचून सरांनी सगळी गड्डी पुन्हा तळ्याभोवती बांधली होती: तळी दोन, आणि तळं असेल तरच चालणारे मासे, होड्या, बगळे मिळून चौदा. तळ्यांच्या जागी आता कोरे पुठ्ठे आले होते आणि चौदा जण कोरडे पडले होते. सरांनी एक बगळा टाकला, तो नुसताच उभा राहिला. अकराव्या मिनिटाला सामना संपला. तोपर्यंत टाळ्या वाजवायला निम्मे लोक जागेवर बसलेही नव्हते.

सर भले गृहस्थ. त्यांनी विजेतीचं अभिनंदन केलं, तिथेच एक कागद मागून घेतला आणि अर्ज लिहिला: सदर खेळाडूकडे एक छापील नसलेलं कार्ड आहे, ते आठवड्यात दोनदा उलटतं आणि दोन्ही वेळा तिच्याच बाजूने पडतं, त्यावर बंदी यावी. डॉक्टरांनी या अर्जावरचं नाव कापलं नाही. काका पहिल्यांदाच सभा संपेपर्यंत बसून राहिले. माजी अध्यक्ष करंडक उचलून बायकोच्या मागून जिना उतरले.

लाँड्रीपाशी आल्यावर ते थांबले. "खरं सांग. हे सगळं तू ठरवून केलंस?"

"मी?" तिने करंडकावरचा रंगाचा ठसा पदराने पुसला. "मी फ्रिजवर एक कागद लावला. पुढचे सगळे डाव तुमचे."