सोपाननानांचा नेम

पौडात सकाळी सातच्या सुमारास दळण टाकायला गेलं, की आधी सोपाननानांचे तळपाय दिसत. तोंड नंतर. गिरणीच्या ओट्यावर दुमडलेल्या पोत्यावर डोकं टेकून नाना सरळसोट उलटे उभे असत आणि खालून आवाज येई, "नाचणी का तांदूळ? ठिवा तितं. धा मिन्टं हायेत आजून."

नवखी बाई दचकून मागे सरे. जुन्या बायका डबा ठेवून खुशाल गप्पा मारत बसत. नानांच्या अंगात खाकी हाफपँट असे. ती बायकांच्या सोयीसाठी, असं ते स्वतःच सांगत.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं ते आमच्या शाळेतून. मी तिथे मास्तर. आणीबाणीच्या आधी दोनेक वर्षं पुण्याहून एक योगशिक्षक आठ दिवसांच्या शिबिराला आले होते. सतरंज्या अंथरायचं काम माझ्याकडे, म्हणून मला पक्कं आठवतं. पहिल्या दिवशी चाळीस माणसं, आठव्या दिवशी एकटे नाना. जाताना शिक्षक म्हणाले, "आसन कोणतंही करा, पण खंड पाडू नका." नानांनी बाकीचं निम्मं सोडलं आणि तेवढं धरून ठेवलं. ताप असो, लग्न असो, मयत असो, "खंड न्हाई!"

चुलत्याच्या दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवलेला, कावळा काही शिवेना, सगळी भावकी आकाशाकडे डोळे लावून बसलेली. आणि बाजूला नाना शीर्षासनात. कावळा ह्यालाच भिऊन येत नाही म्हणून लोकांनी शिव्या घातल्या. नाना खालूनच म्हणाले, "येतोय. तुमी श्वास धरा."

एकदा एस.टी.त पद्मासन घालून बसले. उतरायचं होतं पिरंगुटला. पाय सुटेनात. कंडक्टरने दोनदा घंटी मारली, हात जोडले, शेवटी गाडी सोडली. भुकूमला दोघांनी उचलून, मांडी घातलेलेच, रस्त्याच्या कडेला ठेवले. ही गोष्ट मी शिक्षकांच्या खोलीत साभिनय करून दाखवायचो. सगळ्यांत जास्त हसायचो तो मीच.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी, आणि मी अशा गोष्टी सहजी कबूल करणारा नव्हे. शिबिराआधीचे नाना म्हणजे जमदग्नी. पीठ जाड आलं म्हणणाऱ्या बाईचा डबा त्यांनी एकदा भर रस्त्यात पालथा केला होता. तो राग एका दिवसात गेला नाही. आधी उगारलेला हात थांबायला लागला. मग हात उगारणं थांबलं. दोनेक वर्षांनी आवाजही उतरला. कोणी वाट्टेल ते बोललं तरी नाना डोळे मिटून चार श्वास घेत आणि म्हणत, "आन मावशी, परत दळून देतो."

मी एकदा चिडवायला विचारलं, "नाना, घरात करा की. ओट्यावर तमाशा कशाला?"

नाना खाली बघत म्हणाले, "सातला नांद्याची यस्टी हितनं जाती. खिडकीत बाया आसत्यात."

मग कळलं. बायको कौसाबाई शिबिराच्या आधीच नांद्याला भावाकडे निघून गेली होती. नाना आणायला गेले, तर मेहुण्याने दारातच सांगितलं, "दाजी, आधी राग सोडा, मग या."

"मीच जाऊन म्हनलो, राग सोडला, तर कोन इस्वास ठेवंल गुर्जी? बगनाऱ्यानं सांगाय पायजे."

सात वर्षं हा माणूस त्या एस.टी.साठी उलटा उभा होता. आणि मी नकला करत होतो. मला माझी लाज वाटली.

पुढे मतदारयाद्यांच्या कामाला मला नांदे मिळालं. नानांनी दोनदा घरी येऊन बजावलं, "येवडं इचारा, न्यायला यावं का म्हनून."

नानांच्या मेहुण्याच्या घरी नावं लिहून घेतली. कौसाबाईंच्या नावापुढे नवऱ्याचं नाव लिहू लागलो, तर भाऊ म्हणाला, "बापाचं लावा." कौसाबाईंनी उजव्या हाताने चहा आणून दिला. डावा कोपरात दुमडून पोटाशी धरलेला होता. भाऊ बैलांकडे गेल्यावर मी नानांचं सगळं सांगितलं.

"ऐकलंय. यस्टीतल्या बाया सांगत्यात," त्या म्हणाल्या. "लई ग्वाड झालं. माजा हात तेवडा तसाच ऱ्हायला."

पौड सोडलं त्या दिवशी नानांनी तो पिरगाळून त्यांना ढकललं होतं. पुढे हाडवैद्याने वाकडाच बसवला. घराण्याची अब्रू नको जायला म्हणून भावाने गावात सांगितलं, बांधावरनं पडली. हात मोडल्याचं नानांपर्यंत गेलंच नाही.

"त्ये बदललं आसतील. पन त्येंची निसती याद आली तरी ह्यो दुसरा हात आपसूक तोंडावर येतोय. यिऊ नगा म्हनावं."

मी परत आलो आणि ओट्यावर बसून नानांना सगळं सांगितलं. कौसाबाईंचा एक शब्द लपवला नाही. पूर्वीचे नाना असते तर माझ्यावर, मेहुण्यावर धावून गेले असते, काहीतरी फोडलं असतं आणि मोकळे झाले असते. आता ती सोयही राहिली नव्हती. सात वर्षं खपून त्यांनी स्वतःच ती मोडून टाकली होती. त्यांनी डोळे मिटून चार श्वास घेतले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग म्हणाले, "कंचा हात?"

"डावा."

"मंग भाकरी कशी थापती वं ती?"

"भावजय थापते."

"वाढती ना पन तिला पोटभर?"

नांद्याला माझ्या चहात साखर जास्त पडली म्हणून भावजयीला माझ्यादेखत कौसाबाईंना घालूनपाडून बोलताना मी ऐकलं होतं.

"हो," मी म्हणालो, "चांगलं वाढते."