ट्रॉली खाली झाली का?

गांगुर्डेकाका आंब्याची पेटी खालून उघडायचे. पेटी आली की आधी ती पालथी घालायची, तळाच्या फळ्या उचकटायच्या, खालचा थर हुंगून, दाबून बघायचा आणि मगच आंबेवाल्याला बसा म्हणायचं. भाजीवालीची टोपलीही त्यांना पालथी करून हवी असायची. मखमलाबादहून येणाऱ्या आमच्या भाजीवालीने शेवटी त्यांच्या मजल्यावर चढणंच सोडलं. या बाबाला टोमॅटो नको, टोमॅटोची झडती पायजे, असं तिचं म्हणणं होतं.

या सगळ्याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. काका जन्मभर लासलगावला एका कांदा व्यापाऱ्याकडे होते. लिलावात ट्रॉलीवर चढून माल बघायचा, हे त्यांचं काम. वर टपोरा लालबुंद कांदा रचलेला असायचा, त्यावर बोली लागायची आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर ट्रॉली रिकामी केली की तळातून गोल्टी, म्हणजे गोटीएवढा बारीक कांदा, निघायची. मग भावावरून हुज्जत. यातून काकांनी एकच तत्त्व काढलं होतं, की ट्रॉली खाली झाल्याबिगर भाव बोलायचा नाय. निवृत्त होऊन ते नाशिकला, द्वारका चौकाजवळ आमच्या इमारतीत, अगदी माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायला आले. ट्रॉली लासलगावलाच राहिली, तत्त्व तेवढं सोबत आलं. जावई कसा आहे विचारलं तर, "बघू, अजून वरचाच थर चाललाय," म्हणायचे. लेकीच्या लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण मी कथा लिहायला घेतली.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. इंटरनेटवर मराठी संकेतस्थळं नवी नवी निघाली होती आणि ज्याला त्याला कादंबरीकार व्हायचं होतं. कादंबरी पूर्ण करायची अट कोणीच घातली नव्हती. पहिला भाग टाकायचा, खाली 'क्रमशः' लिहायचं आणि प्रतिक्रिया मोजत बसायचं. वाचक असे उतावीळ, की 'पुढील भागाच्या प्रतीक्षेत' एवढं टाइप करायचाही त्यांना धीर नसायचा. नुसतं 'पुभाप्र' लिहून मोकळे व्हायचे. एका गृहस्थांनी पहिल्याच भागात खून पाडला, सहाव्या भागात इन्स्पेक्टरला जेवायला घरी पाठवलं आणि स्वतः जे गायब झाले ते झालेच. तो इन्स्पेक्टर अजून जेवतोय.

मीही त्यातलीच. बँकेला शनिवारी अर्धा दिवस असायचा. दुपारी भाग लिहायचा, संध्याकाळी टाकायचा. मिरवायची हौस दांडगी, त्यामुळे सगळ्या इमारतीला संकेतस्थळाचा पत्ता वाटला होता. काकांनाही दिला. पूर्ण लिहून झाली का, हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, छे हो, मलाच माहीत नाही पुढे काय होणार, तीच तर गंमत आहे.

त्यांनी सडक्या कांद्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "म्हंजे खाली काय हाय ते तुमालाच ठाव नाय, आन् लोकांना बोलीला बोलावलं तुमी?"

त्या दिवसापासून जिन्यात भेटले की एकच प्रश्न, ताई, ट्रॉली खाली झाली का? एकदा माझे मॅनेजर घरी आले होते, त्यांच्यादेखत विचारलं. मॅनेजरांना वाटलं, बाई बँकेच्या आडून कांद्याचा धंदा करते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आणि जास्त राग याचा, की म्हातारा खरं बोलत होता. माझी नायिका नंदिनी घर सोडून नाशिकरोड स्टेशनवर येऊन उभी राहिली होती आणि तिला कोणत्या गाडीत बसवायचं ते मला सुचत नव्हतं. तीन महिने ती बाई बॅग घेऊन फलाटावर. मी एका भागात तिला चहा पाजला, दुसऱ्यात पाऊस पाडला, तिसऱ्यात गाडी उशिरा धावत असल्याची घोषणा केली. पुभाप्रवाले एकेक करून पांगले. राहिली फक्त एक वाचक, सुमन नावाची. दर शनिवारी तिचं एक वाक्य यायचंच. 'नंदिनीचं काय झालं? वाट बघते.' ना टीका, ना टोमणा. मला तिची भारी लाज वाटायची.

अखेर मी कथा बंद करायचं ठरवलं. कोणत्याशा खोदकामात आमच्या गल्लीतले फोन मुके झाले होते, त्यांच्याबरोबर घरचं इंटरनेटही, म्हणून तशी सूचना टाकायला द्वारकेच्या सायबर कॅफेत गेले. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गांगुर्डेकाका. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं, एका बोटाने एकेक अक्षर शोधून दाबत होते. पडद्यावर माझी कथा. खाली नाव सुमन, आणि पुढे 'नंदिनीचं काय' इथवर आलेलं.

मी मागे उभी आहे हे त्यांना कळलं. चोरी पकडल्यासारखे ते खुर्चीत आकसले. त्यांच्या घरातल्या हार घातलेल्या फोटोतल्या काकूंचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. ते तेव्हा कळलं.

मग तिथेच बसून, पडद्याकडे बघत त्यांनी सांगितलं. काकूंना साप्ताहिकातल्या क्रमशः कथेचं वेड. अंक यायच्या दिवशी त्या दारातच उभ्या राहायच्या आणि काका त्यांना हसायचे. शेवटच्या दुखण्यात दवाखान्यातही त्या अंक मागत होत्या. काका अंक घेत होते, पण घरी ठेवत होते. कथा पूर्ण झाली की सगळे एकदम आणतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागणार नाही, असं समजावत होते. कथा पूर्ण झाली. काकू तोवर थांबल्या नाहीत.

"अर्धवट तर अर्धवट, नेऊन द्यायला पायजे होते, ताई," ते म्हणाले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की मग तिच्या नावाने का लिहिता, स्वतःच्या का नाही?

"वाट बघायचं तिलाच जमायचं. मला माझ्या नावानं नाय जमत."

एवढं बोलून ते उठले आणि गेले. पडद्यावरचं वाक्य अर्धंच राहिलं होतं. मी त्याच खुर्चीत बसले. सूचना लिहिली नाही. नंदिनीला समोर आली त्या गाडीत बसवलं, तिकीटसुद्धा काढलं नाही, गाडी कुठे जाणार याचा विचार न करता भाग टाकून दिला आणि घरी आले.

संध्याकाळी जिन्यात काका भेटले. चेहरा नेहमीसारखा आंबट.

"ट्रॉली खाली झाली का?"

"नाही काका. पण नवा भाग टाकलाय. नंदिनी गाडीत बसली."

"आपण अर्धा माल बघत नाय," ते गुरगुरले आणि कठड्याला धरून वर चढले. मी कुलपात किल्ली घालतेय तोवर ते पुन्हा खाली आले, माझ्याकडे न बघता बाजूने उतरले आणि शर्टाची बटणं लावत लावत द्वारकेच्या दिशेने भराभरा चालू लागले.