भानुदासनानांची ड्युटी

आमच्या तिसगावात परदेशी मालावर ड्युटी लागते. सरकार लावो न लावो, भानुदासनाना लावतात. माझ्या किराणा दुकानात बाहेरच्या तूरडाळीचं पोतं उतरलं, की नाना टेम्पोच्या मागोमाग हजर. पोत्यावर थाप मारतात, चिमूटभर डाळ तोंडात टाकतात आणि बाकड्यावर बसून फर्मावतात, "शेठ, भाईरचा माल हाय. अँटी-डंपिंग लागलं. चहा सांग!"

पोत्यामागे एक चहा, वर भाषण फुकट. "तिकडनं जहाजं भरभरून स्वस्तात आनून वतत्यात, अन् तेबी आपली तूर खळ्यावर आली का मगच! मग आमी काय पिकवायचं, गवत?" हे आता माझ्या तराजूलाही पाठ झालं असेल.

'अँटी-डंपिंग', म्हणजे स्वस्तात आणून ओतलेल्या परदेशी मालावरचा जादा कर, हे त्यांनी मोबाईलवर कुठंतरी ऐकलं आणि तेव्हापासून ते जिभेवरून उतरायला तयार नाही. निवडणुकीत दुसऱ्या तालुक्यातला उमेदवार हात जोडत आला, तर नानांनी भर चौकात विचारलं, "तिकडं खपला न्हाई म्हनून हितं वतलाय का? लावा ह्याला अँटी-डंपिंग!" बिचारा हात जोडूनच गाडीत बसला.

लग्नातले आचारी तर त्यांना टरकून असतात. पंगतीत बसले की नाना आधी वरणात बोट बुडवणार, चाटणार, डोळे मिटणार. डाळ बाहेरची निघाली, की ताटावरून उठून थेट चुलाणापाशी. सख्ख्या मेहुण्याच्या मांडवात त्यांनी रिकामं पोतं ओढत आणून सगळ्या पाहुण्यांना दाखवलं होतं. मेहुणा अजून बोलत नाही.

म्हणून परवा बबनच्या पोरीच्या लग्नात माझा जीव टांगणीला लागला होता. बबन म्हणजे नानांचा बांधाला बांध असलेला शेजारी. यंदा त्यानं सगळ्या रानात तूर केली. ऐन काढणीत बाहेरचा माल आला, भाव कोसळला आणि लग्न तोंडावर आलेलं म्हणून त्यानं मिळेल त्या भावाला सगळी विकली. मांडवासाठी माझ्याकडून नेली ती बाहेरचीच, स्वस्तातली. नेताना माझा हात धरून म्हणाला, "शेठ, नानाला कळू देऊ नका. तूर पिकवनाऱ्याच्या मांडवात इकतची डाळ म्हनल्यावर पाव्हन्यांत तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाई."

पंगत बसली. वरण आलं. नानांचं बोट वरणात गेलं, डोळे मिटले. त्यात नवऱ्या मुलाच्या बापाला हौस आली. "नाना, तुमी डाळीचे मोठे पारखी म्हनं. कशी हाय आमच्या व्याह्यांची डाळ?" बबन वाढायला उभा होता. हातातली वरणाची बादली त्यानं गच्च धरली.

नानांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट भात कालवायला लागलो. मग बबनकडे पाहिलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "बबनच्याच रानातली हाय! अशी डाळ उभ्या तालुक्यात घावायची न्हाई. वाढ रं, वाढ!" आणि परत परत मागून घेतली.

हात धुताना मी हळूच विचारलं, "नाना, ड्युटी?"

"गप ए! पोरीच्या मांडवात कसली ड्युटी?"

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तर नाना दारात. मोटरसायकलवर डाळीचं पोतं; डाळ त्यांच्याच, भाव नाही म्हणून न विकता घरी ठेवलेल्या तुरीची. बाकड्यावर बसले, पण चहा मागेनात. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"हे बबनकडं पोचतं कर," ते म्हणाले. "पोरगी मांडवपरतनीला माहेरी येईल, तवा तरी गावची डाळ शिजू दे. माझं नाव काढू नगंस. दुकानातनं आली म्हन."

"अहो, पण अख्खं पोतं?"

नाना खाली बघत म्हणाले, "औंदा त्यो कांदा लावनार हुता, शेठ. तूर कर, तूर कर म्हनून मीच मागं लागलो हुतो."

मी पोतं उतरवून घेतलं. "चहा सांगू का, नाना?"

"नगं," उठत ते म्हणाले. "ह्या वक्ताची ड्युटी माझ्यावर हाय."